आधी उजेड, मग लेकरू: घरच्या माणसांचे फोटो चांगले कसे काढावेत

लेकराचं जावळ, बोरन्हाण, येळवस (वेळा अमावस्या), सुट्टीत आजोळी जमलेली भावंडं. फोटो काढायला निमित्तं भरपूर मिळतात आणि फोन प्रत्येकाच्या हातात असतो. तरी भिंतीवर लावावा असा फोटो क्वचितच निघतो. चेहरे काळवंडलेले, डोळे बारीक झालेले, आजोबांच्या टोपीची सावली नाकापर्यंत आलेली, आणि लेकरू अर्धं फ्रेमच्या बाहेर. महागडा फोन घेतला तरी हे दोष तसेच राहतात. माणसाला उभं कुठं केलं, किती वाजता केलं आणि लेकराशी कसं वागलो, यात त्यांचं मूळ असतं.

हा लेख अगदी नव्यानं शिकणाऱ्यांसाठी आहे. फोन वापरा नाहीतर कॅमेरा, क्रम एकच ठेवा: आधी उजेड, मग जागा, मग माणूस, आणि सेटिंग सगळ्यात शेवटी.

पहिली पायरी: आपल्या घरातला उजेड ओळखा

सुट्टीच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास घरातलं एखादं शांत, मोठं माणूस सोबत घ्या. लेकरू एवढ्यात नको. त्या माणसाचा पहिला फोटो अंगणात, उन्हात काढा. दुसरा लिंबाच्या झाडाखाली. तिसरा ओसरीच्या कडेला, तोंड अंगणाकडे करून. चौथा दारातून दोन-तीन हात आत, तोंड दाराकडेच ठेवून. पाचवा खोलीच्या मागच्या भिंतीजवळ, ट्यूब लावून. आता पाचही फोटो एकामागून एक बघा, आणि फक्त डोळे बघा.

उन्हातल्या फोटोत भुवयांखाली काळे खड्डे दिसतील. लिंबाखालच्या फोटोत गालावर कवडसे पडलेले असतील आणि कपाळावर एखादा पांढराफटक डाग. ट्यूबखालचा चेहरा फिका आणि थोडा हललेला. ओसरीतल्या आणि दारातल्या फोटोत मात्र बुबुळावर एक चमक दिसेल. फोटो मोठा करून पाहिला तर दाराचा चौकोनच तिथं सापडतो. या चमकेला फोटोग्राफर कॅचलाइट म्हणतात आणि ती असली की चेहऱ्यात जीव येतो. माझ्या मते नवशिक्यानं पहिला महिनाभर दुसरं काही शिकूच नये. डोळ्यांत चमक आली का ते बघायचं आणि मगच बटण दाबायचं.

असं का होतं तेही समजून घ्या. उजेड जेवढ्या मोठ्या पसाऱ्यातून येतो तेवढा तो मऊ असतो आणि सावलीच्या कडा विरतात. सूर्य आकाशात एवढासा दिसतो, म्हणून उन्हातली सावली धारदार पडते. ओसरीत बसलेल्या माणसावर समोरच्या आकाशाचा मोठा तुकडा आणि अंगणावरून परतलेला उजेड एकदम पडतो, तोही समोरून. वरचं छप्पर डोक्यावरचा उजेड अडवतं, म्हणून डोळ्यांत सावली राहत नाही. आपल्याकडे दुपारचं ऊन तर चेहऱ्याला फारच वाईट. मराठवाडा साधारण १८ ते २० अंश उत्तर अक्षांशांत येतो, त्यामुळे मे महिन्याच्या मध्याच्या सुमारास दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो. लातूरकडे शून्य सावलीचा दिवस आधी येतो, छत्रपती संभाजीनगरला त्यानंतर काही दिवसांनी. त्या दिवसांत भर दुपारी अंगणात कुणालाही उभं करा, कपाळाची सावली डोळ्यांतच पडणार.

जुन्या माळवदाच्या घरात राहत असाल तर तुमच्याकडे फुकटचा स्टुडिओ आहे. भिंती जाड, दारं-खिडक्या मोजक्या, आत अंधार. उजेड एकाच बाजूनं येतो आणि मागची खोली आपोआप काळी पडते. ढाळजेत, म्हणजे मोठ्या दाराच्या आतल्या बैठकीच्या जागेत, उजेड संपतो त्या रेषेच्या थोडं अलीकडे माणूस बसवलं की मागची पोती आणि डबे दिसतच नाहीत. सिमेंटच्या घरात हेच काम गॅलरीचं दार किंवा मोठी खिडकी करते. खिडकीतून थेट ऊन येत असेल तर पांढरा पातळ पडदा ओढून घ्या, ऊन गाळून येईल. ट्यूब आणि बल्ब बंद करा. बाहेरचा उजेड आणि पिवळा बल्ब दोन्ही चेहऱ्यावर पडले की एक गाल निळसर आणि एक पिवळा येतो, आणि तो नंतर कुठल्याही ॲपमध्ये धड होत नाही.

ओसरीचं तोंड कुठं आहे त्यावर वेळ ठरते. पूर्वेकडे असेल तर दुपारनंतर बसा, पश्चिमेकडे असेल तर सकाळी. उत्तरेकडची ओसरी हिवाळ्यात दिवसभर कामाची. उन्हाळ्यात मात्र तिच्यात सकाळ-संध्याकाळ तिरकं ऊन शिरतं, म्हणून मधली वेळ धरा. चेहऱ्याची एक बाजू फारच काळी पडत असेल तर त्या बाजूला कुणाला तरी पांढरी चादर नाहीतर आजोबांचं धुतलेलं धोतर पसरून धरायला सांगा. त्यावरून परतलेला उजेड गालावर आलेला डोळ्यांना लगेच दिसतो.

अंगणात किंवा शेतात काढायचं असेल तर वेळ पाळावीच लागते. मेमध्ये सूर्य सहाच्या आधी उगवतो आणि सातच्या सुमारास मावळतो. डिसेंबरअखेरीस सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. उगवल्यानंतरचा आणि मावळण्याआधीचा तासभर उजेड तिरका आणि मवाळ असतो. उन्हाळ्यात सकाळचाच तास धरा. संध्याकाळी सहालाही फुफाटा निवलेला नसतो आणि लेकरं उकाड्यानं किरकिरी झालेली असतात.

संध्याकाळी शेतात सूर्याकडे तोंड करून लेकराला उभं करू नका, ते डोळे मिचकावतंच. सूर्य त्याच्या पाठीमागे घ्या. केसांच्या कडा उजळतात, मागची ज्वारी चमकते आणि चेहरा सावलीत निवांत राहतो. फोनच्या पडद्यावर चेहऱ्यावर बोट ठेवा, म्हणजे फोन चेहऱ्याचा उजेड धरेल. मागचं आकाश पांढरं पडलं तर पडू द्या.

आणि एक गोष्ट हमखास विसरली जाते: रंगाची सावली. हिरव्या शेडनेटखाली चेहरे हिरवे येतात, निळ्या ताडपत्रीखाली निळे, लग्नाच्या लाल-पिवळ्या मांडवात तांबडे. डोळा हे सांभाळून घेतो, कॅमेरा घेत नाही. मांडवाच्या कडेला, मोकळ्या आकाशासमोर या. झाडाखाली काढायचं असेल तर सावली जिथं संपते त्या कडेला, तोंड बाहेर करून.

दुसरी पायरी: मागं काय दिसतंय

इथं थोडक्यात सांगून भागेल. बटण दाबायच्या आधी नजर चेहऱ्यावरून काढा आणि फ्रेमच्या चारही कडांवरून एकदा फिरवा. डोक्यातून उगवलेला विजेचा खांब, दोरीवरचे कपडे, कूलर, मोटारसायकलचा आरसा. दोन पावलं डावीकडे सरकलं तरी यातलं बरंच निघून जातं. माणसाला भिंतीला चिकटवून उभं करू नका. पाच-सहा फूट पुढं घेतलं की भिंत धूसर होते आणि माणूस सुटा दिसतो.

सहलीला गेल्यावर सगळे बीबी का मकबऱ्यासमोर उभे राहतात, आणि मकबरा पूर्ण यावा म्हणून फोटो काढणारा मागे मागे जातो. मग माणसं मुंगीएवढी येतात. उलट करा. मकबरा आहे तिथंच राहू द्या, घरच्यांना आपल्याजवळ बोलवा, कमरेपासून वर घ्या. वेरूळला लेण्यांच्या व्हरांड्यात ओसरीसारखाच उजेड मिळतो. ही लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत, म्हणून सकाळी तिथं मऊ सावली असते आणि दुपार कलली की ऊन आत येतं. वेरूळ मंगळवारी बंद असतं आणि अजिंठा सोमवारी, तेव्हा बेत आखताना वार बघा. अजिंठ्याच्या चित्रांजवळ फ्लॅश चालत नाही. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत ट्रायपॉड लावायचा तर परवानगी लागते.

तिसरी पायरी: लेकराला काम द्या

लेकराचे फोटो बिघडतात ते "इकडं बघ, हस, हस की रे" यामुळे. चार जण चार बाजूंनी टाळ्या वाजवतात, मागून कुणीतरी खुळखुळा हलवतं, आणि लेकरू गोंधळून रडायला लागतं. मोठं लेकरू दात दाखवून खोटं हसतं, आणि तेच हसू पुढं प्रत्येक फोटोत येतं. एका वेळी लेकराशी एकानंच बोलायचं, आणि ते माणूस कॅमेऱ्याच्या अगदी जवळ बसलेलं असावं. बाकीच्यांना चहाला पाठवा.

मग लेकराला हाताला काम द्या. समजा ओसरीत आजी तुरीच्या शेंगा सोलत बसलीय आणि शेजारी तीन वर्षांची नात आहे. नातीच्या पुढ्यात चार शेंगा टाका आणि तुम्ही दाराच्या बाजूला जमिनीवर मांडी घालून बसा. कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या उंचीवर. ती शेंग आडवीतिडवी पिळून बघेल. उघडली नाही की दातांत धरेल. मग एकदम शेंग फुटून दाणा टुणकन उडेल, आणि ती हात तसाच ठेवून आजीकडे बघेल. आजीही तिच्याकडे बघेल. तुम्हाला हवा होता तो फोटो हाच, आणि तो "हस" म्हणून कधी मिळाला नसता. फक्त तुम्ही तोवर बटणावर बोट ठेवून बसलेलं असायला हवं. पहिल्या दहा मिनिटांत लेकरू कॅमेऱ्याकडेच बघतं, हात पुढं करतं, फोन मागतं. बघू द्या. एक-दोन फोटो काढून त्याला दाखवा. कुतूहल संपलं की ते आपल्या कामाला लागतं आणि खरे फोटो तिथून पुढं सुरू होतात.

अशी कामं प्रत्येक घरात असतात. कोंबड्यांना दाणे टाकणं, शेळीच्या पिल्लाला पाला भरवणं, हुरड्याची कणसं चोळणं, आजोबांचा चष्मा पुसून देणं, पोळ्याला बैलाच्या शिंगांना रंग लावताना डबा धरणं. यांत हात गुंततात आणि चेहरा मोकळा होतो. लेकराला हसवायचंच असेल तर मुद्दाम चुकीचं विचारा: "ही म्हैस रोज किती अंडी देते गं?" तीन ते सहा वर्षांचं लेकरू असली चूक सोडत नाही. ते तावातावानं दुरुस्त करतं आणि मग हसतं.

वयाप्रमाणे थोडा फरक करावा लागतो. तान्ह्या बाळाचे फोटो पोट भरल्यावर, झोपेत काढा. त्याला टोपलीत ठेवणं, हातांवर हनुवटी टेकवणं असले इंटरनेटवर दिसणारे प्रकार घरी करू नका. त्यांत मान सांभाळणारे हात नंतर संगणकावर पुसलेले असतात. आईच्या कुशीतलं बाळ, तिच्या बोटाभोवतीची त्याची मूठ, तेल लावलेलं जावळ, एवढं पुरतं. तोंडावर फ्लॅश मारू नका, बाळ दचकतं. बसायला लागलेलं लेकरू म्हणजे सात-आठ महिन्यांचं, ते फोटोला सगळ्यात सोपं, कारण ते कुठं पळत नाही. चालायला लागल्यावर त्याच्यामागं धावू नका. दाराजवळ त्याच्या आवडीची वस्तू ठेवा, ते पुन्हा पुन्हा तिथंच येतं. दहा वर्षांपुढच्या पोरांना विचारूनच काढा. नको म्हटलं तर नको.

बाळाच्या गालावरची तीट फोटोत खटकते म्हणून पुसू नका, नंतर ॲपमध्येही नाही. ती आजीनं लावलेली असते आणि आणखी वीस वर्षांनी फोटोत तीच आधी शोधली जाते.

बोरन्हाणाबद्दल खास सांगतो, कारण संक्रांत ते रथसप्तमी या काळात सगळ्यांनाच हा फोटो हवा असतो. मागं फुग्यांची कमान आणि नावाचा फलक लावून पाट भिंतीला नेऊन ठेवतात, म्हणजे नेमका अंधारात. पाट दाराजवळ, दाराकडे तोंड करून ठेवा. ओवाळणं होईपर्यंत लेकराचे एकट्याचे फोटो उरकून घ्या, कारण हलव्याचे दागिने ते पाच मिनिटांत तोंडात घालतं. पहिली ओंजळ डोक्यावर पडते तेव्हा लेकरू डोळे मिटतं आणि दुसऱ्या ओंजळीला वर बघतं. तेव्हा बर्स्ट, म्हणजे सलग फोटोंचा पर्याय वापरा, फोन भराभर फोटो काढत जाईल. मग बाकीची पोरं बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे वेचायला तुटून पडतात. त्या गर्दीत खाली बसा आणि जमिनीच्या उंचीवरून काढा.

आजी-आजोबांना बसवताना

घरातल्या थोरल्यांना कॅमेरा दिसला की ते ताठ बसतात. हात गुडघ्यांवर, मान सरळ, चेहरा गंभीर. त्यांच्या तरुणपणी रोलवर मोजके फोटो असायचे, एखादा फोटो तालुक्याच्या गावी स्टुडिओत जाऊन काढलेला असायचा, आणि फोटोवाला "हलू नका" म्हणायचा. त्यांना मोडू नका. पहिला फोटो त्यांच्या मनासारखा, ताठ बसलेला काढा, नीट वेळ घेऊन काढा. असा फोटो मानाचा असतो, आणि मला तो हसऱ्या फोटोइतकाच आवडतो. तो झाला की नातवंड मांडीवर द्या. पाठ आपोआप सैल होते.

बारीकसारीक गोष्टी सांभाळा. टोपी किंवा फेटा असेल तर "आबा, हनुवटी जरा वर घ्या" म्हणा, म्हणजे कपाळावरची सावली सरते. चष्म्यावर खिडकीची चकाकी येत असेल तर मान किंचित खाली करायला सांगा किंवा तुम्ही थोडं बाजूला सरका. आजीच्या डोक्यावरचा पदर काढायला सांगू नका. हवं तर तो कपाळावरून बोटभर मागं घ्यायला त्यांच्या लेकीला सांगा.

गोतावळ्याचा फोटो

लातूर-धाराशिव भागात सगळं घर एका जागी भेटायचा हक्काचा दिवस म्हणजे वेळा अमावस्या, आपली येळवस. मार्गशीर्षातली अमावस्या, शेतात कडब्याची कोप (खोपी), आत पूजा, मग भज्जी, उंडे आणि आंबील. पंगत बसते भर दुपारी, आणि फोटोही तेव्हाच काढायचं सगळ्यांच्या मनात येतं. त्याऐवजी पूजेला सुरुवात होण्याआधी काढा, सगळे धुतल्या कपड्यांत आणि उत्साहात असतात. किंवा साडेचारनंतर, घराकडं निघायच्या आधी. बीड भागातली कितीतरी घरं ऊसतोडीला दिवाळीच्या आगेमागे बाहेर पडतात आणि उन्हाळा लागताना परततात. त्यांचा सगळ्यांचा मिळून फोटो उन्हाळ्यातच जमतो, तेव्हा सकाळी सातची वेळ घ्या आणि ती आदल्या रात्रीच सगळ्यांना सांगून ठेवा.

मांडणी अशी करा. मध्ये थोरली माणसं बाजेवर किंवा खुर्च्यांवर. त्यांच्या पायाशी सतरंजीवर लेकरं. मागं उभी तरुण मंडळी. सगळी डोकी एका रेषेत आली तर फोटो शाळेच्या वर्गासारखा दिसतो, म्हणून कुणी बाजेच्या कडेला टेकलेलं, कुणी गुडघ्यावर बसलेलं असू द्या. माणसांमधल्या फटी बुजवा. लोक नेहमी लांब लांब उभे राहतात, खांद्याला खांदा लागेपर्यंत जवळ बोलवा. नवरा-बायको-मुलं असा एकेक संसार शेजारी शेजारी ठेवा. कॅमेरा बसलेल्या माणसांच्या डोळ्यांच्या उंचीला, आणि उभी माणसंही पूर्ण मावतील इतकं लांब जा.

कुणाचे तरी डोळे मिटतातच. यावर ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या संस्थेतल्या निक स्वेन्सन आणि पिअर्स बार्न्स यांनी गणित मांडलं होतं, आणि त्याला २००६ साली गणिताचं इग नोबेल, म्हणजे गमतीशीर संशोधनाला दिलं जाणारं पारितोषिक, मिळालं. माणसं वीसपेक्षा कमी असतील तर चांगल्या उजेडात माणसांच्या संख्येला तीननं भागा आणि कमी उजेडात दोननं. तेवढे फोटो काढले की निदान एकात सगळ्यांचे डोळे उघडे असण्याची बरीच खात्री असते. पंधरा माणसं, तर पाच फोटो. संध्याकाळ झाली असेल तर आठ. लेकरं असतील तर मी याच्या दुप्पट काढतो, कारण डोळे उघडे असले तरी मान वळलेली असते. सगळ्यांना डोळे मिटायला सांगून "तीन म्हटल्यावर उघडा" म्हणणं हाही चांगला उपाय आहे.

शेवटचा एक फोटो टायमर लावून काढा. घरात फोटो काढणारं माणूस ठरलेलं असतं आणि वर्षानुवर्षं ते एकाही फोटोत नसतं. ट्रायपॉड नसेल तर बैलगाडीच्या जुवाला किंवा ट्रॅक्टरच्या बॉनेटवर दगडाचा आधार देऊन फोन ठेवता येतो. दहा सेकंदांचा टायमर लावा, सलग तीन-चार फोटो निघतील अशी सोय असेल तर ती चालू करा.

सेटिंग: फोन

लेन्स सुती कपड्यानं पुसा. निम्मे धुरकट फोटो बोटांच्या तेलामुळं येतात. चेहरा जवळून काढायचा असेल तर अर्धा एक्स (०.५x) हा रुंद कॅमेरा अजिबात नको, त्यात नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. दोन एक्सवर ठेवा आणि दोन पावलं मागं जा. रुंद कॅमेरा गोतावळ्यालाही टाळा, कडेच्या माणसांची डोकी ताणली जातात. चेहऱ्यावर बोट दाबून धरलं की बहुतेक फोनमध्ये फोकस आणि उजेड तिथंच बांधला जातो. शेजारी सूर्याची खूण येते, ती खाली ओढून उजेड थोडा कमी करा, म्हणजे आजोबांचा पांढरा सदरा जळत नाही.

पोर्ट्रेट मोड, म्हणजे मागचं धूसर करणारा, एकट्या, स्थिर माणसाला ठीक. लेकराच्या विस्कटलेल्या केसांची कड तो खातो.

ब्यूटी मोड मात्र बंदच करा. तो त्वचा गोरी करतो, गालावरचे तीळ पुसतो, आजीच्या सुरकुत्या घासून टाकतो. लेकराला आपला सावळा रंग फोटोतून पुसलेला रोज दिसत राहिला तर ते त्यातून काय शिकेल, याचा विचार करा. नवशिक्यानं त्वचेचा खरा रंग जपायची सवय पहिल्या दिवसापासून लावावी, असं मला मनापासून वाटतं.

सेटिंग: कॅमेरा

कॅमेरा घेतला असेल तर सोबत आलेली १८-५५ एमएमची झूम लेन्स सुरुवातीला पुरते. एकट्याच्या फोटोला ती ५५ वर ठेवा. पुढं पैसे खर्चायचे झाले तर ५० एमएम एफ/१.८ ही लेन्स घ्या. ती तुलनेनं स्वस्त आहे आणि घरातल्या कमी उजेडात उपयोगी पडते.

लेकरू बसलेलं असेल तर शटर १/२५० सेकंदापेक्षा संथ होऊ देऊ नका, पळत असेल तर १/५०० ते १/१०००. एकट्याला ५० एमएम लेन्सवर ॲपर्चर, म्हणजे लेन्सच्या छिद्राचा आकार, एफ/२ ते एफ/२.८ चालतो, पण माणसं दोन रांगांत असतील तर एफ/५.६ ते एफ/८ ठेवा, नाहीतर मागची रांग धूसर येते. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, वाढवायला घाबरू नका. दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही. फोकसचा एकच बिंदू निवडा आणि तो जवळच्या डोळ्यावर ठेवा. पळत्या लेकराला सतत फोकस करणारा पर्याय लावा. निकॉन आणि सोनीत तो एएफ-सी नावानं असतो, कॅनॉनमध्ये सर्व्हो नावानं. रात्री एलईडी बल्बखाली फोटोत आडवे पट्टे दिसले तर शटर १/१०० किंवा १/५० वर आणा. आपल्या विजेची वारंवारिता ५० हर्ट्झ आहे आणि दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, म्हणून हे आकडे जुळतात.

कपड्यांचा रंग कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला फसवतो. समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाइतकं उजळ करायचं, एवढंच मीटर जाणतो. पांढऱ्या धोतर-सदऱ्यातले आजोबा फ्रेमभर असतील तर फोटो काळसर येतो, म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-काळसर करायची +/− सोय) अधिक अर्धा ते एक करा. संक्रांतीच्या काळ्या कपड्यांतलं लेकरू फ्रेमभर असेल तर उलट, तेवढंच उणे. दोघं एकत्र असतील तर फोटो काढून पडद्यावर चेहरे बघा आणि त्यावरून ठरवा.

मेमध्ये कॅमेरा बंद गाडीत ठेवू नका. धुळीत, विशेषतः मळणीच्या खळ्याजवळ, लेन्स बदलू नका.

निवड आणि छपाई

त्याच रात्री फोटो चाळा आणि दहातला एक ठेवा. डोळे धारदार आहेत का, ही पहिली चाळणी. चेहऱ्यावर भाव आहे का, ही दुसरी. सुधारणा करताना उजेड, रंगाची उष्णता (पिवळट-निळसरपणा) आणि कातरणं एवढ्यावर थांबा. दुसऱ्यांच्या लेकरांचे फोटो कुठंही टाकण्याआधी त्यांच्या आई-वडिलांना विचारा.

व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीसारखा पाठवला की तो बारीक होतो, म्हणून छापायचा फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. ४×६ इंचाच्या चांगल्या छपाईला १२००×१८०० पिक्सेल लागतात, ८×१२ ला २४००×३६००. फोनचा फोटो ४:३ प्रमाणात असतो आणि ४×६ चा कागद त्याहून लांबट, त्यामुळे छापताना कडा कापल्या जातात. गोतावळ्याचा फोटो काढतानाच डोक्यांच्या वर आणि पायांच्या खाली हातभर जागा सोडा. लॅबवाल्याला "रंग गोरा करू नका" हे आधीच सांगा, काही ठिकाणी ते न विचारता करतात.

छापलेल्या फोटोच्या मागं सगळ्यांची नावं, गाव आणि तारीख लिहा. या कागदावर पेन्सिल उमटत नाही आणि बॉलपेन दाबून लिहिलं तर पुढच्या बाजूला वळ उठतात. बारीक टोकाचा पर्मनंट मार्कर वापरा, आणि शाई पूर्ण वाळल्याशिवाय एकावर एक फोटो ठेवू नका.